इंजिनाचा चुकणारा ठोका

आमच्या मोटारगाडीचें दुखणें ही वस्तुतः आमची खासगी बाब होय. तिला शाळेच्या वार्षिकांत जागा मिळावी असें तींत काय आहे, असें कोणीही विचारील. परंतु तें दुखणें हुडकून काढण्यांत आमचे दोन पावसाळे गेले, तीन गॅरेजांत पैसे गेले, आणि अखेरीस जें निदान झालें तें इतकें साधें व इतकें बोधप्रद निघालें कीं, इयत्ता नववीच्या विज्ञानाच्या तासास आम्हीं तेंच उदाहरण घेतलें. तास संपल्यावर दोघां-तिघां मुलांनीं "सर, हें लिहून द्या, घरीं वडिलांना दाखवायचें आहे," असा आग्रह धरला. आपल्या मुलांपैकीं पुष्कळांच्या घरीं पहिली गाडी येते ती जुनीच येते. म्हणून हा लेख.

गाडी आम्हीं २०२३ सालच्या एप्रिलांत घेतली. ती २०१४ सालच्या बनावटीची, चार सिलिंडरची, पेट्रोलवर चालणारी, आणि नऊ वर्षें दुसऱ्याच्या हातीं वागलेली. हौस म्हणून घेतली नव्हती. आमची वडील बहीण आमच्याकडेच असते. तिचीं मूत्रपिंडें निकामी झाल्यापासून तिला आठवड्यांतून दोनदां पांचगणीहून साताऱ्यास डायालिसिसकरितां न्यावें लागतें. त्या उपचारास चार तास लागतात, आणि नंतर अंगांत इतकी ग्लानि येते कीं, एस. टी.च्या गर्दींत उभें राहणें दूरच, स्टँडवर बसून वाट पाहणेंही तिला झेपत नाहीं.

त्याच वर्षीं जुलैच्या एका संध्याकाळीं आम्ही साताऱ्याहून परतत होतों. वाई सोडली, पसरणीचा घाट लागला, आणि धुकें इतकें दाट उतरलें कीं, पुढच्या दहा पावलांवरचा कठडा दिसेना. तिसऱ्या कीं चौथ्या वळणावर गाडीनें एकाएकीं आचका दिला. मग दुसरा. मग तिचें सारें अंग थरथरूं लागलें. अ‍ॅक्सिलरेटर दाबावा तों वेग कमीच व्हावा, आणि समोर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा उघडझांप करूं लागला. पाठीमागें भरलेला ट्रक होता. त्याचा हॉर्न ऐकूं येई, दिवे मात्र दिसत नव्हते. "दमली कां रे गाडी?" एवढेंच बहिणीनें विचारलें. पहिल्या गिअरवर आम्हीं कसेंबसें घर गांठलें. दुसऱ्या दिवशीं लख्ख ऊन पडलें होतें, आणि तीच गाडी जणुं कांहीं घडलेंच नाहीं अशा रीतीनें चालली!

या प्रकारास गॅरेजांत 'गाडी मिस मारते' किंवा 'मिसिंग करते' असें म्हणतात. यांत चुकतें तें नेमकें काय, हें समजण्यास इंजिनाच्या पोटांत डोकवावें लागेल.

पेट्रोलच्या इंजिनांतील प्रत्येक सिलिंडर चार कामें ओळीनें करतो. दट्ट्या खालीं जातांना हवा व पेट्रोल यांचें मिश्रण आंत ओढलें जातें. तो वर येतांना तें दाबलें जातें. नेमक्या क्षणीं ठिणगी पडून तें पेटतें व दट्ट्यास खालीं लोटतें. आणि तो पुन्हां वर येतांना जळालेला वायु बाहेर हांकलला जातो. निकोलाउस ऑटो या जर्मन गृहस्थानें १८७६ सालीं या क्रमानें चालणारें इंजिन सिद्ध केलें, आणि आज दीडशें वर्षांनींही पेट्रोलच्या गाड्या त्याच क्रमानें चालतात. या चार कामांपैकीं शक्ति देणारें काम एकच. उरलेलीं तिन्ही शक्ति खाणारीं. क्रँक दोन वेळां फिरतो तेव्हां प्रत्येक सिलिंडरचा एक ठोका पडतो. गाडी उभी असून इंजिन नुसतें सुरू असतें तेव्हां क्रँक मिनिटास सुमारें ८०० वेळां फिरतो. म्हणजे एका सिलिंडरचे ४०० ठोके, चौघांचे मिळून १६००. घाटांत क्रँकचे मिनिटास ३००० फेरे चालू असतां एकेका सिलिंडरास सेकंदांत २५ वेळां पेटावें लागतें! पालखीचे चार भोई पावलें जुळवून चालत असावेत, आणि त्यांतल्या एकानें मधूनच खांदा काढून घ्यावा, म्हणजे पालखी जशी हिंदकळते तशी एका सिलिंडरचा ठोका चुकला कीं गाडी हिंदकळते. बाकीच्या तिघांस आपलें काम करून शिवाय त्या चौथ्याचा दट्ट्याही ओढावा लागतो.

ठोका पडण्यास तीन गोष्टी एकाच क्षणीं हजर असाव्या लागतात: योग्य प्रमाणाचें मिश्रण, पुरेसा दाब, आणि जोरदार ठिणगी. यांपैकीं एक जरी गैरहजर राहिली तरी ठोका चुकतो. मुलांस गंमत वाटेल म्हणून सांगतों: लांबच्या पहिल्या मोटारप्रवासांतच या तिहींपैकीं दोहोंनीं दगा दिला होता. १८८८ सालच्या ऑगस्टांत कार्ल बेंझ यांच्या पत्नी बेर्था यांनीं नवऱ्यास न सांगतां, दोन मुलांस बरोबर घेऊन, त्यांची नवी तीनचाकी गाडी मानहाइमहून फोर्त्सहाइमपर्यंत नेली. अंतर शंभर किलोमीटरांहून थोडें अधिक. वाटेंत इंधनाची नळी तुंबली ती बाईंनीं टोपीच्या पिनेनें मोकळी केली; ठिणगीच्या तारेचें आवरण झिजलें होतें, त्यावर पायमोज्याचा पट्टा गुंडाळला. इंधन संपलें तें औषधाच्या दुकानांतून घेतलें. बेर्थाबाईंची ती दुसरी अडचण, म्हणजे आवरण झिजून वीज भलतीकडे जाणें, ही पुढें आमच्या गोष्टींत पुन्हां येणार आहे, तेवढी लक्षांत असूं द्यावी.

आतां ठिणगीविषयीं थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. एवढ्या दाबानें वीज प्लगच्या टोंकाशीं असलेली सुमारें एक मिलिमीटरची फट ओलांडूं शकत नाहीं. म्हणून कॉइल हें साधन त्या १२ व्होल्टांचे वीस-तीस हजार व्होल्ट करतें. पूर्वीं एकच कॉइल असे व तिची वीज लांब तारांनीं चारी प्लगांस वांटली जाई. आमच्या गाडीसारख्या अलीकडच्या गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल बसवलेली असते, आणि तिच्या खालची रबरी नळी प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीस घट्ट कवटाळून असते. हें रबर व ही चिनीमाती यांचें काम एकच: विजेला दुसरीकडे कोठें जाऊं न देणें. वीज पाण्याप्रमाणें सोपी वाट शोधते. फटीपेक्षां सोपी वाट बाजूस सांपडली, तर ती फट ओलांडण्याची तसदी घेत नाहीं.

येथें एक मुद्दा असा आहे कीं, तो मुलांस लवकर पटत नाहीं. एकच प्लग, एकच फट. मग सपाटीवर ठिणगी पडते व घाटांत पडत नाहीं, हें कसें? उत्तर असें कीं, फटींत दाटलेला वायु जितका घट्ट, तितका ती ओलांडण्यास विजेचा दाब अधिक लागतो. चढावर आपण अ‍ॅक्सिलरेटर दाबतों. त्यासरशी सिलिंडरांत मिश्रण अधिक भरतें आणि तें दाबलें गेलें म्हणजे अधिक घट्ट होतें. मग फट ओलांडणें कठीण होतें, आणि बाजूची जी वाट सपाटीवर विजेला नकोशी होती तीच आतां सोपी ठरते. रबरावर ओल असेल तर विचारावयासच नको. पावसाळ्यांत, दमट सकाळीं, चढावर गाडी मिस मारते आणि कोरड्या दिवशीं सपाटीवर शहाण्यासारखी वागते, याचें मर्म हें आहे.

आमची गाडी पहिल्या गॅरेजांत गेली तेव्हां तेथील गृहस्थांनीं स्कॅनर लावला. क्रँकबरोबर फिरणाऱ्या एका दांतेरी चाकावर गाडीचा संगणक सतत लक्ष ठेवून असतो. ठोका पडला कीं क्रँकला किंचित् रेटा मिळतो. ठोका चुकला कीं तो तितक्याच किंचित् मंदावतो. हा सेकंदाच्या अत्यल्प भागाचा फरक ओळखून कोणत्या सिलिंडरची पाळी चुकली तें संगणक नोंदून ठेवतो. या नोंदींस ठराविक अंक असतात. पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरचा ठोका चुकतो, पी ०३०२ म्हणजे दुसऱ्याचा, याप्रमाणें पुढें. आणि पी ०३०० म्हणजे कोणा एकाचा नव्हे, कधीं याचा, कधीं त्याचा. आमच्या गाडींत पी ०३०२ निघाला. गृहस्थांनीं चारी प्लग नवे बसवले, नोंद पुसली, आणि गाडी ताब्यांत दिली. पुढें सात आठवडे गाडी उत्तम चालली.

मग एका दमट सकाळीं पुन्हां तोच प्रकार, पुन्हां तोच अंक. दुसऱ्या गॅरेजांत दुसऱ्या सिलिंडरची कॉइल बदलली व नोंद पुसली. पांच आठवडे बरे गेले. ऑक्टोबरच्या आरंभीं तिसऱ्या गॅरेजांत "पेट्रोलांत कचरा आहे," असें निदान होऊन इंजेक्टर धुतले गेले, आणि अर्थातच नोंद पुसली गेली. या वेळीं मात्र गाडी आठ महिने एकदांही चुकली नाहीं. आम्ही त्या तिसऱ्या गॅरेजाचे गोडवे गाऊं लागलों. दोन शिक्षकबंधूंस तेथें पाठवलेंही! विज्ञान शिकवणाऱ्या माणसानें असें करावें ही लाजिरवाणी गोष्ट आहे. ऑक्टोबरनंतर बदललें होतें तें इंजेक्टर नव्हे. पाऊस थांबला होता. एका गोष्टीमागून दुसरी घडली म्हणजे पहिलीमुळेंच दुसरी घडली, हा भ्रम वर्गांत आम्ही वर्षानुवर्षें खोडून काढतों, आणि स्वतःच्या गाडीपुढें त्यालाच बळी पडलों. २०२४ च्या जूनमध्यें पहिली सर कोसळली आणि पिवळा दिवा पुन्हां लागला. तोंवर अकरा हजार रुपये खर्च झाले होते.

आम्ही अगदीं कंटाळून गेलों होतों. एका हितचिंतकानें सल्ला दिला, "नोंद पुसून घ्या, उघडीप पाहून गिऱ्हाईक बोलवा, आणि मोकळे व्हा." गिऱ्हाईकही घरबसल्या आलें. तो आमचाच एक माजी विद्यार्थी, वाईस नोकरीला, नुकतें लग्न झालेला. त्या दिवशीं खरोखरच उघडीप होती. इंजिन घड्याळासारखें चालत होतें. त्यानें एक फेरी मारली, किंमतही मान्य केली, आणि सहज विचारलें, "सर, गाडीला कांहीं त्रास नाहीं ना?" आम्ही कांहीं क्षण गप्प राहिलों. तें गप्प राहणें आजही आठवतें, आणि बरें वाटत नाहीं. मग आम्हीं घाटांतील संध्याकाळपासून सर्व हकिकत त्यास सांगितली. त्यानें अर्थातच गाडी घेतली नाहीं. जातांना मात्र म्हणाला, "सर, विकण्याआधीं एकदां आमच्या आळींतल्या चाचांना दाखवा. ते पार्ट विकत नाहींत, फक्त दुरुस्त करतात."

चाचा साठीच्या पलीकडचे. त्यांच्या गॅरेजांत एक पत्र्याची शेड, एक खाट व एक जुना स्कॅनर, एवढाच सरंजाम. आम्ही बोनेट उघडूं लागलों तों म्हणाले, "थांबा सर, आधीं बसा." आणि निष्णात वैद्य रोग्यास विचारतो तसे प्रश्न विचारूं लागले. गार असतांना मिस मारते कीं तापल्यावर? उभी असतांना कीं चढावर? पेट्रोल भरल्यानंतर कीं केव्हांही? धुतल्यावर होतें कां? पाणी कमी होतें कां? तेल? तेलाची पातळी दर महिन्यास थोडी उतरते, असें आम्हीं सांगितलें, तेव्हां त्यांनीं नुसती मान हलवली.

मग स्कॅनर लावला. पण नोंद पुसली नाहीं, वाचली. आम्हांस तोंवर ठाऊक नव्हतें कीं, संगणक नुसता अंकच ठेवतो असें नाहीं, तर ज्या क्षणीं चूक घडली त्या क्षणाचें जणुं छायाचित्रही ठेवतो: इंजिनाचें तपमान काय होतें, फेरे किती, वेग किती, भार किती. आमच्या छायाचित्रांत इंजिन पुरतें तापलेलें, वेग ताशीं २८ किलोमीटर, आणि भार जवळजवळ पूर्ण असा होता. "हा पसरणीचा घाट आहे," चाचा म्हणाले. "तुमची गाडी सपाटीवर आजारी नाहीं, सर, चढावर आहे." आधींच्या तिन्ही ठिकाणीं हाच पुरावा पाहण्याआधीं पुसला गेला होता.

त्यानंतर त्यांनीं जें केलें तें प्रत्येक विद्यार्थ्यानें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे, कारण त्यास एक पैसाही लागत नाहीं. इंजिन बंद करून त्यांनीं दुसऱ्या सिलिंडरची कॉइल काढून चौथ्यावर बसवली व चौथ्याची दुसऱ्यावर. बाकी कशासही हात लावला नाहीं. मग आम्हांस घाटांत पाठवलें. परत आल्यावर पाहतात तों चुकलेल्या ठोक्यांची गणती दुसऱ्याच्या नांवावर थोडी, पण चौथ्याच्या नांवावर पुष्कळ! दोष कॉइलबरोबर चालत गेला होता. तो दुसऱ्या सिलिंडरावरच राहिला असता, तर कॉइल निर्दोष ठरून प्लग, इंजेक्टर किंवा आंतला दाब यांकडे वळावें लागलें असतें. मग त्याच रीतीनें प्लगची जागा बदलावी, नंतर इंजेक्टरची. एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची, हा प्रयोगशाळेंतला नियम त्या शेडमध्यें काटेकोरपणें पाळला जात होता.

"म्हणजे कॉइलच गेली तर," आम्ही म्हणालों. "पण ही तर गेल्याच वर्षीं घातली."

"तेंच तर विचारायचें आहे, सर," चाचा म्हणाले. "गेली कां?"

त्यांनीं दुसऱ्या सिलिंडरचा प्लग जेथें बसतो त्या खोल भोंकांत बॅटरीचा झोत टाकला. ज्या इंजिनांत प्लग डोक्याच्या मधोमध बसतात तेथें हें भोंक एखाद्या अरुंद विहिरीसारखें असतें, आणि ती विहीर कोरडी असावी लागते. आमच्या विहिरीच्या तळाशीं काळें तेल चकाकत होतें. प्लग बाहेर काढला तों त्याच्या पांढऱ्या चिनीमातीवर पेन्सिलीनें ओढावी तशी एक बारीक काळी रेघ उभी उमटलेली. कॉइलची रबरी नळी तेलानें फुगून मऊ झालेली, आणि आंतून तिच्यावरही तशीच रेघ. फट ओलांडण्याऐवजीं वीज चिनीमातीवरून घसरत प्लगच्या लोखंडी अंगांत जात होती. जातां जातां तिनें तेल व मळ जाळून कोळशाची ती रेघ काढली होती. कोळशांतून वीज वाहते. म्हणजे एकदां रेघ उमटली कीं पुढच्या विजेला ती राजरस्ता झाली. प्लगची रेघ दुसऱ्या सिलिंडरावरच राहिल्यामुळें त्याच्या नांवावर थोडे ठोके उरले होते, हेंही कोडें सुटलें.

आतां तीन गॅरेजांची हकिकत उलगडली. पहिल्यानें नवे प्लग घातले. त्यांची चिनीमाती स्वच्छ होती, म्हणून सात आठवडे बरे गेले. दुसऱ्यानें नवी कॉइल घातली. तिचें रबर कोरें होतें, म्हणून पांच आठवडे. पण विहिरींत तेल झिरपतच होतें. तें येत होतें वरच्या टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून. विहिरीच्या कांठाभोंवतीं रबराचें एक कडें असतें. वर्षानुवर्षें तापून तें कडक झालें होतें, बोटानें दाबतांच कडाड्कन मोडलें. एवढ्यावरही चाचा थांबले नाहींत. इंजिनाच्या पोटांत कोंडलेली वाफ व वायु बाहेर नेणारी एक छोटी झडप असते, तिला पीसीव्ही व्हॉल्व्ह म्हणतात. ती मळानें तुंबली तर पोटांतला दाब वाढतो आणि तेल मिळेल त्या फटींतून बाहेर ढकललें जातें. आमची झडप हलवून पाहिली तर तिचा खडखड असा आवाज येईना. ती चिकटली होती. पॅकिंग, चार कडीं, झडप, एक प्लग व एक कॉइल असा एकूण माल बसवून विहिरी कापडानें कोरड्या केल्या. पॅकिंग व कडीं यांची किंमत साडेसातशें रुपये झाली. सर्व यादींत तेंच स्वस्त होतें.

प्रत्येक मिस मारणारी गाडी याच रोगानें आजारी असते असें मात्र समजूं नये. ज्या गाड्यांत एक कॉइल दोन सिलिंडरांस वीज देते, त्यांत पहिल्या व चौथ्याचे, किंवा दुसऱ्या व तिसऱ्याचे ठोके जोडीनें चुकूं लागले तर कॉइलवर संशय घ्यावा. एकाचाच चुकला तर प्लग किंवा त्याची तार पाहावी. अंधारांत बोनेट उघडून जुन्या तारांवर पाण्याचा बारीक फवारा मारला तर भेगेंतून निळ्या ठिणग्या उडतांना दिसतात. तेव्हां हात मात्र दूर ठेवावा. उंदरांनीं तारा कुरतडण्याचे प्रकारही आपल्या भागांत नित्याचे आहेत, विशेषतः गाडी आठ-आठ दिवस उभी राहत असेल तर.

मिश्रणाचा दोष बहुधा सर्व सिलिंडरांस मिळून बाधतो, म्हणून तेथें पी ०३०० दिसतो. एक ग्रॅम पेट्रोलला पुरतें जळण्यास सुमारें १४.७ ग्रॅम हवा लागते. हवेची एखादी नळी तडकली कीं न मोजलेली हवा आंत शिरते आणि मिश्रण पातळ होतें. हा दोष इंजिन नुसतें सुरू असतांना अधिक जाणवतो व वेग घेतला कीं झांकला जातो, म्हणजे आमच्या दुखण्याच्या अगदीं उलट. उलट पेट्रोलचा पंप थकला असेल किंवा फिल्टर तुंबला असेल तर चढावर, भरधाव असतांना त्रास होतो. आतां आपल्याकडील पेट्रोलांत २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें, त्याचाही विचार करावा लागतो. इथेनॉलला जळण्यास हवा कमी लागते, म्हणून तेवढ्याच हवेस इंधन अधिक सोडावें लागतें. निरोगी गाडीचा संगणक तें आपोआप जुळवून घेतो. परंतु इंजेक्टर अर्धवट तुंबलेल्या जुन्या गाडीस तें जुळवणें जड जातें. शिवाय इथेनॉल पाणी शोषून घेतें. पांचगणीच्या पावसाळ्यांत अर्धी टाकी ठेवून गाडी महिनाभर उभी करूं नये हें बरें.

तिसरा दोष दाबाचा, आणि तो सर्वांत खर्चाचा. झडप जळणें, रिंगा झिजणें, हेडचें गॅस्केट फुटणें हे त्याचे प्रकार. प्लग काढून त्या भोंकांत मापक लावून इंजिन फिरवलें कीं दाब कळतो. येथें एक स्थानिक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पांचगणी समुद्रसपाटीपासून सुमारें १३०० मीटर उंच असल्यामुळें येथील हवा विरळ. तेव्हां तेंच निरोगी इंजिन मुंबईपेक्षां येथें कमी आंकडा दाखवतें. घाबरून जाऊं नये. पाहावयाचें तें चौघांत मेळ आहे कीं नाहीं. तीन सारखे व एक बराच कमी, तर दुखणें त्या एकांत. त्या भोंकांत चमचाभर तेल सोडून पुन्हां मापावें: आंकडा चढला तर रिंगा झिजल्या, न चढला तर झडपेकडे पाहावें. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब मिळून उतरला असेल, रेडिएटरचें पाणी कोठेंही न गळतां कमी होत असेल, आणि पहांटे गाडी सुरू केल्यावर मिनिटभर मिस मारून मग सुधारत असेल, तर गॅस्केटमधून पाणी आंत जात आहे असें समजावें आणि गाडी पुढें दामटूं नये.

पिवळा दिवा स्थिर जळत असेल तर सावकाश गॅरेज गांठावें. पण तो उघडझांप करूं लागला तर ताबडतोब पाय सैल करावा, आणि जागा सुरक्षित असेल तर थांबावें. न जळलेलें पेट्रोल धुराबरोबर पुढें जाऊन सायलेन्सरच्या वाटेवरील धूर शुद्ध करणाऱ्या पेटींत पेटतें, आणि तिच्या आंतील मधाच्या पोळ्यासारखी जाळी वितळूं शकते. ती पेटी चारी कॉइलांहून महाग असते. याच कारणास्तव, कोणता सिलिंडर आळशी आहे तें पाहण्यास चालत्या इंजिनाच्या कॉइली उपसण्याची जुनी खोड सोडावी; एकेका इंजेक्टरचें कनेक्टर काढून पाहावें, म्हणजे पेट्रोल जाणेंच थांबतें आणि विजेचा झटकाही बसत नाहीं.

जुनी गाडी घेणाऱ्या वडील मंडळींस एवढेंच सांगावयाचें कीं, ती पाहावयास सकाळीं, न कळवतां जावें, आणि प्रथम बोनेटला हात लावून पाहावा. तें गरम असेल तर मालकानें आपल्या आधीं गाडी तापवून ठेवली आहे. किल्ली पहिल्यांदा फिरवल्यावर इंजिनाचा पिवळा दिवा लागलाच पाहिजे व इंजिन सुरू होतांच विझला पाहिजे. मुळींच लागला नाहीं, तर तो कोणी तरी बंद केला आहे. स्कॅनर लावून नुसती 'दोष नाहीं' ही पाटी वाचून समाधान मानूं नये. संगणक स्वतःच्या कांहीं चांचण्या घेत असतो. नोंद पुसली कीं त्या चांचण्या 'अपूर्ण' दिसूं लागतात, आणि पुन्हां पूर्ण होण्यास कित्येक किलोमीटर गाडी चालावी लागते. सर्व चांचण्या अपूर्ण असलेली गाडी म्हणजे आदल्या दिवशीं पाटी धुतलेला विद्यार्थी. आम्हांस हें २०२३ च्या एप्रिलांत ठाऊक असतें तर बरें झालें असतें. आमच्या गाडीची पाटी तेव्हां अगदीं कोरी होती, आणि आम्हीं ती स्वच्छतेची खूण समजलों.

चाचांनीं दुरुस्ती केली ती २०२४ च्या जुलैमध्यें. त्यानंतरचा उरलेला पावसाळा आणि पुढचा संपूर्ण पावसाळा गाडी आठवड्यांतून दोनदां घाट चढली. पिवळा दिवा लागला नाहीं. तेलाची पातळीही आतां उतरत नाहीं. तो माजी विद्यार्थी एकदां भेटला असतां "आतां विकतां कां, सर?" असें हंसून विचारता झाला, बहिणीनेंच आंतून "नाहीं" असें उत्तर दिलें. दर तीन महिन्यांनीं आम्ही कॉइली काढून चारी विहिरींत झोत टाकून पाहतों, आणि नववीचीं मुलें भोंवतीं वांकून उभीं असतात. गेल्या वेळीं चारीही कोरड्या होत्या.